घरचा टीव्ही रेकॉर्डर बनवताना आधी काय घ्यायचं आणि शेवटी काय

नागपुरात खामल्याला राहणारे आमचे भाऊजी गेल्या उन्हाळ्यात बर्डीच्या बाजारातून एक मोठं खोकं घेऊन थेट आमच्याकडेच आले. आत आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड आणि समोर तीन पंखे रंग बदलत फिरतात असं काचेचं कॅबिनेट. "आता यावर सह्याद्री रेकॉर्ड करून दाखव," म्हणाले. मी कॅबिनेट वळवून मागची बाजू पाहिली. डिशची वायर लावायला जागाच नव्हती. डिशचा सिग्नल पकडणाऱ्या ट्यूनर कार्डाचं नाव कोणी काढलं नव्हतं, आणि आता काढून उपयोग नव्हता, कारण पैसे संपले होते.

अशी मशीनं मी चार-पाच पाहिली आहेत. चूक दरवेळी तीच, खरेदी प्रोसेसरपासून सुरू होते. "कॉम्प्युटर पाहिजे" म्हटलं की दुकानात पहिला प्रश्नच "आय-थ्री देऊ का आय-फाइव्ह?" असा येतो, आणि तिथून गाडी घसरते. डिशमधून येणारं चित्र आधीच कॉम्प्रेस होऊन येतं. रेकॉर्डर ते जसंच्या तसं उचलतो आणि डिस्कवर लिहितो, बस. त्यात प्रोसेसरला घाम फुटावा असं काही नाही.

म्हणून क्रम उलटा धरा: आधी ट्यूनर, मग तो बसेल असा कॉम्प्युटरचा डबा, मग वीज, मग डिस्क, आणि उरलेल्या पैशात प्रोसेसर-रॅम. माझ्या अंदाजाने १०० रुपयांतले ३०-३५ ट्यूनर आणि वायरिंगला, २५ डिस्कला, २० यूपीएस आणि एसएमपीएसला (डब्यातला वीज पुरवणारा भाग) जावेत. बाकी सगळं उरलेल्या विसा-पंचविसात बसतं.

टप्पा १: काय रेकॉर्ड करायचं ते कागदावर लिहा

दुकानात जायच्या आधी एका कागदावर कार्यक्रम, चॅनल, वार आणि वेळ लिहून काढा. घरातल्या सगळ्यांना विचारा. आईची मालिका आणि बाबांच्या बातम्या एकाच वेळी येतात हे मशीन बनल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

मग प्रत्येक चॅनल कुठून येतं ते लिहा. इथेच निम्म्या लोकांचा बेत बदलतो.

डीडी फ्री डिशवरची चॅनलं रेकॉर्ड करायची असतील तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ही सेवा जीसॅट-१५ उपग्रहावरून ९३.५ अंश पूर्वेकडून येते. तिच्यातली एमपेग-२ ची (चित्र कॉम्प्रेस करायची जुनी पद्धत) चॅनलं उघडी असतात, त्यांना कंपनीचं कार्ड किंवा रिचार्ज लागत नाही, आणि साधं सॅटेलाइट ट्यूनर कार्ड ती थेट पकडतं.

महिन्याचं रिचार्ज मारून पाहायची खाजगी डीटीएच चॅनलं मात्र कुलूपबंद येतात. त्यांची किल्ली त्या कंपनीच्या बॉक्समध्येच असते. तुमचं ट्यूनर कार्ड सिग्नल पकडेल, चॅनलचं नावही दाखवेल, पण चित्र काळं राहील. एचडीएमआयमधून पकडायला गेलात तर तिथेही कॉपीबंदी असते. ती मोडायच्या खटपटीत पडू नका. घरात फक्त पैशाची चॅनलंच पाहत असाल तर त्या कंपनीचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स घ्या आणि हे मशीन बनवू नका.

गच्चीवरची जुनी काड्यांची अँटेनासुद्धा हिशोबात धरू नका. ॲनालॉग प्रक्षेपण दूरदर्शनने जवळजवळ सगळीकडे बंद केलं आहे.

कायद्याचं म्हणाल तर कॉपीराइट कायदा, १९५७ मधलं कलम ३९ स्वतःच्या खाजगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा देतं. सोसायटीच्या ग्रुपवर फाइल टाकणं त्यात बसत नाही.

तपासून घ्या: रोज एकच कार्यक्रम हवा आहे का? मग पेनड्राइव्हवर रेकॉर्ड करणारे फ्री डिशचे बॉक्स मिळतात, त्यातला एक घ्या आणि इथेच थांबा. हे मशीन दोनपेक्षा जास्त कार्यक्रम, आपोआप, रोज हवे असतील तरच परवडतं.

टप्पा २: ट्यूनर किती लागतील याचा हिशोब

लोक म्हणतात, चार कार्यक्रम तर चार ट्यूनर. असं नाही.

उपग्रहावरून चॅनलं गठ्ठ्याने येतात. एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे एका फ्रिक्वेन्सीवर, अनेक चॅनलं एकत्र बांधलेली असतात. एक ट्यूनर एका वेळी एक ट्रान्सपाँडर धरतो, पण त्या गठ्ठ्यातली हवी तितकी चॅनलं एकाच वेळी लिहू शकतो. आईची मालिका आणि बाबांच्या बातम्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील तर एकाच ट्यूनरवर भागतं. वेगवेगळ्या असतील तर दोन लागतात.

आता कागदावर आणखी एक रकाना काढा: फ्रिक्वेन्सी. घरी फ्री डिशचा बॉक्स असेल तर ते चॅनल लावून माहितीचं किंवा सिग्नलचं पान उघडा, तिथे आकडा दिसतो. मग एकाच वेळी येणाऱ्या कार्यक्रमांत वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी जास्तीत जास्त किती, ते मोजा. तितके ट्यूनर. बहुतेक घरांत उत्तर दोन येतं. तीन आलं तर एका कार्यक्रमाचं पुनःप्रसारण कधी असतं ते शोधा, तिसऱ्या ट्यूनरपेक्षा ते स्वस्त पडतं.

तासांचा हिशोब याच कागदावर करा. साध्या चॅनलचा प्रवाह सेकंदाला ३ मेगाबिट धरला तर एका तासाला १.३५ जीबी होतात. एचडी ८ मेगाबिट धरलं तर तासाला ३.६ जीबी. रोज तीन तास साधं चॅनल म्हणजे दिवसाला सुमारे ४ जीबी आणि महिन्याला १२० च्या आसपास. १ टीबीची डिस्क सात महिने भरत नाही, आणि पाहून झालेले भाग आपण पुसतोच. भाऊजींच्या यादीत ८ टीबी लिहिलं होतं!

टप्पा ३: ट्यूनर कार्ड

पैसे खर्च करायची सुरुवात इथून करा. बर्डीच्या किंवा धंतोलीच्या कॉम्प्युटर दुकानांत हे कार्ड मांडलेलं दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका, ते बहुतेक मागवावंच लागतं. म्हणूनच ते आधी. कार्ड हातात आल्यावरच त्याच्या मापाचा डबा शोधता येतो.

पाहायचं ते एवढंच: कार्ड डीव्हीबी-एस२ चं, म्हणजे डिशच्या डिजिटल सिग्नलचं, हवं, स्लॉट पीसीआय एक्सप्रेस हवा, आणि आपल्याला लागतात तितके ट्यूनर त्यावर हवेत. टीबीएस ६९०२ हे दोन ट्यूनरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड या कामाला चालतं. डब्यात स्लॉटच नसेल तर टीबीएस ५९२७ सारखा यूएसबी ट्यूनर आहे, पण त्यात ट्यूनर एकच असतो आणि त्याचा वेगळा ॲडॉप्टर सांभाळावा लागतो.

सावध राहा: "टीव्ही ट्यूनर" या नावाखाली तीन निरुपयोगी वस्तू विकल्या जातात. पहिली, मॉनिटरला जोडायचा जुना ॲनालॉग डबा, लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांचा. दुसरी, पेनड्राइव्हएवढी स्वस्त डीव्हीबी-टी स्टिक. ती जमिनीवरच्या अँटेनाची आहे, डिशचा सिग्नल तिला कळतच नाही. तिसरी, जुन्या पीसीआय स्लॉटचं वापरलेलं कार्ड. नावात एक्सप्रेस नसेल तर ते आजच्या मदरबोर्डवर बसणार नाही. ओळखायची खूण सोपी आहे. सॅटेलाइट कार्डाला आट्यांचा एफ-कनेक्टर असतो, सेट-टॉप बॉक्सच्या मागे असतो तसाच.

लिनक्स वापरणार असाल तर एक कटकट आत्ताच माहीत असू द्या. टीबीएसचे ड्रायव्हर बहुधा वेगळे बसवावे लागतात आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की पुन्हा बसवावे लागतात. म्हणून एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सपोर्ट मिळणारी, आवृत्ती घ्या आणि कर्नलचं आपोआप अपडेट बंद ठेवा. माझ्याकडे एकदा रात्री अपडेट झालं आणि सकाळी मशीनला ट्यूनरच दिसेना. त्या आठवड्याची मालिका गेली ती गेलीच.

*डिशकडून येणारी वायर*

हा भाग लोक विसरतात, आणि मग दोन ट्यूनरच्या कार्डावर एकच ट्यूनर चालतो.

एलएनबी म्हणजे डिशसमोरच्या दांड्यावरचा सिग्नल गोळा करणारा भाग. त्याने कोणत्या पोलॅरिटीचा, म्हणजे उभ्या की आडव्या लहरींचा, सिग्नल द्यायचा ते ट्यूनर व्होल्टेजने सांगतो: उभीसाठी १३ व्होल्ट, आडवीसाठी १८. दोन ट्यूनर एकाच वायरवर आले आणि एकाने १३, दुसऱ्याने १८ मागितले, तर दोघांचं भांडण होतं. म्हणून दोन ट्यूनरला दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन वेगळ्या वायरी. खालचा फ्री डिशचा बॉक्सही चालू ठेवायचा असेल तर चार तोंडांचा एलएनबी घ्या. केबल टीव्हीचा साधा स्प्लिटर लावून पैसे वाचवू नका, आणि बॉक्सच्या लूप-आउटमधूनही वायर काढू नका.

वायर आरजी-६, ७५ ओहमची. एलएनबी युनिव्हर्सल, ज्यावर ९७५०/१०६०० छापलेलं असतं. डिश आधीच लागलेली असेल आणि बॉक्सवर चित्र स्वच्छ येत असेल तर तिला हात लावू नका, फक्त एलएनबी बदला. नवीन लावायची असेल तर नागपुरातून ९३.५ अंशाचा उपग्रह होकायंत्राच्या साधारण १४४ अंशांवर, म्हणजे आग्नेयेला, आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर आहे. घरांवरच्या डिशा ऑफसेट पद्धतीच्या असल्याने ताटली त्यापेक्षा बरीच कमी वर पाहत असल्यासारखी वाटते. डोळ्याने ६० चा कोन लावत बसाल तर सिग्नल सापडणार नाही.

सावध राहा: मशीन चालू असताना डिशची वायर काढू-लावू नका. मधली तार बाहेरच्या जाळीला टेकली की कार्डाचा व्होल्टेज देणारा भाग जळू शकतो. आधी मागचं बटण बंद, मग वायर.

टप्पा ४: डबा आणि मदरबोर्ड

दोनच रस्ते परवडतात.

पहिला, ऑफिसांतून निघालेला रिफर्बिश्ड डेस्कटॉप. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लेनोवो थिंकसेंटर अशा नावांचे डबे इथे सहज मिळतात. इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-थ्री या कामाला भरपूर झाला. दुसरा, इंटेल एन-१०० चा छोटा मदरबोर्ड. हा ६ वॉटचा प्रोसेसर बोर्डावरच बसून येतो, मात्र त्या बोर्डावर पीसीआय एक्सप्रेस स्लॉट आहे का ते पाहूनच घ्यायचा.

निवड विजेच्या बिलावरून करा. मशीन चोवीस तास चालणार. रिफर्बिश्ड डबा रिकामा बसून २५ वॉट खात असेल तर महिन्याला १८ युनिट होतात. एन-१०० चा संच १२ वॉटवर राहिला तर ९ च्या आत. भाऊजींचं ग्राफिक कार्डवालं मशीन प्लगला मीटर लावून मोजलं तेव्हा काहीही न करता ६० च्या वर होतं, म्हणजे ४३ युनिट. त्यांचा चेहरा त्या दिवशी पाहण्यासारखा झाला होता.

रिफर्बिश्ड घेणार असाल तर मापाकडे नीट पाहा, कारण पैसे बुडतात ते इथेच. त्यात तीन आकार येतात. पुस्तकाएवढा लहान डबा दिसायला गोड, पण त्यात पूर्ण मापाचं ट्यूनर कार्ड बसवायला स्लॉटच नसतो. मधल्या आकाराच्या, आडव्या डब्यात स्लॉट असतो, पण बुटका. कार्डाची पट्टी उंच असेल तर झाकण लागत नाही. कार्डासोबत बुटकी पट्टी आली आहे का ते पाहा, नसेल तर उभा टॉवरच घ्या. टॉवरमध्ये उंच कार्ड बसतं, दोन डिस्का बसतात आणि हवाही खेळते. मी तरी टॉवरच घेतो.

तपासून घ्या: कार्ड पिशवीत घालून दुकानात न्या. डबा उघडायला लावा, कार्ड स्लॉटमध्ये बसवून पाहा, झाकण लावून पाहा. दुकानदार "बसून जाते भाऊ, टेन्शन नका घेऊ" म्हणेल. बसवल्यावरच पैसे द्या.

टप्पा ५: एसएमपीएस, यूपीएस, इन्व्हर्टर

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी लाइन जाते, जूनच्या पहिल्या वादळात संध्याकाळी जाते. रेकॉर्डिंग नेमकं त्याच वेळी चालू असतं.

नवीन कॅबिनेटसोबत फुकटात येणारा एसएमपीएस परत करा. ४५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझचा, नाव असलेल्या कंपनीचा घ्या. जास्त वॉट नको, या मशीनला १०० सुद्धा लागत नाहीत. ब्रँडेड रिफर्बिश्ड डब्यात मात्र एसएमपीएस बहुधा त्या कंपनीच्या खास मापाचा असतो. तो उडाला तर साधा चालणार नाही, तसाच शोधावा लागतो. घेताना त्याचा पंखा फिरतो का आणि घरघरतो का ते कान लावून ऐका.

यूपीएस ६०० व्हीएचा पुरे. त्यावर रेकॉर्डर आणि राउटर, दोनच वस्तू जोडा. टीव्ही जोडू नका.

घरात इन्व्हर्टर असेल तर यूपीएस लागतोच असं नाही. इन्व्हर्टरच्या मागे किंवा बाजूला एक छोटा खटका असतो, त्यावर एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल किंवा इको लिहिलेलं असतं. तो यूपीएसकडे करा. लाइन गेल्यावर एसएमपीएस पूर्ण लोडवर जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो. नॉर्मलवर इन्व्हर्टर त्यापेक्षा उशिरा जागा होऊ शकतो, पंख्याला कळतही नाही, पण मशीन रीस्टार्ट होतं.

तपासून घ्या: काहीतरी रेकॉर्ड होत असताना मेन स्विच खाली पाडा. पाच वेळा. एकदाही मशीन बंद पडलं तर खटका किंवा बॅटरी पाहा.

टप्पा ६: हार्ड डिस्क

वेगाच्या मागे लागू नका. अख्खा ट्रान्सपाँडर, साधारण ४० मेगाबिट, लिहीत बसलात तरी सेकंदाला ५ एमबीच होतात. साधी डिस्क १०० च्या वर लिहिते. रेकॉर्डिंगसाठी एसएसडी घेणं म्हणजे भाजी आणायला ट्रक काढणं.

महत्त्वाचं हे की डिस्क दिवसरात्र लिहीत राहील अशी हवी. सीसीटीव्हीवाले वापरतात त्या डिस्का, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक, नेमक्या त्याच कामाच्या, आणि कॅमेरे बसवणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळतात. १ किंवा २ टीबी पुरे. साध्या डेस्कटॉप डिस्का घ्यायच्याच असतील तर त्या एसएमआर (एकावर एक चढलेल्या पट्ट्यांत लिहिणाऱ्या) नाहीत ना, ते मॉडेल नंबरावरून पाहा. एसएमआर डिस्क भरत आली आणि पुसणं-लिहिणं सुरू राहिलं की अधूनमधून अडखळते.

सावध राहा: "नवीन आहे, फक्त डबा नाही" म्हणून मिळणारी डिस्क जुन्या डीव्हीआरमधून काढलेली असू शकते. मला एका दुकानात अशीच एक मिळाली होती, प्लॅस्टिकच्या चकचकीत पिशवीत. क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून पाहिली तर चाललेले तास २१ हजारांच्या वर, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं अखंड. नवीन डिस्कवर हा आकडा शून्य किंवा एक-दोन असतो. दुकानातच लावून पाहा, रिअलोकेटेड आणि पेंडिंग सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब किंवा संशयास्पद जागा, दोन्ही शून्य हवेत. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी किती उरली तेही पाहा.

टप्पा ७: प्रोसेसर, रॅम आणि बाकी

इथे फार सांगण्यासारखं नाही. रॅम ४ जीबीवर चालतं, ८ जीबी आरामात. सॉफ्टवेअरसाठी १२० किंवा २४० जीबीची साधी साटा एसएसडी. ग्राफिक कार्ड नको. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्सवर एमपेग-२ आणि एच.२६४ दोन्ही चालतात, टीव्ही एचडीएमआयने जोडून पाहायचं असेल तरी पुरतं.

प्रोसेसर जोरकस कधी लागतो? रेकॉर्ड झालेलं लहान करून मोबाइलवर पाठवायचं असेल, किंवा एकाच वेळी तीन-चार जण घरातल्या वेगवेगळ्या ठिकाणी पाहणार असतील तेव्हाच. ते पुढच्या वर्षी ठरवा.

एक स्वस्त वस्तू मात्र विसरू नका: सीआर२०३२ बॅटरी, नाण्याएवढी. रिफर्बिश्ड मशीनमधली जुनी बहुधा मेलेली असते. माझं पहिलं मशीन महिनाभर अधूनमधून कार्यक्रम चुकवायचं आणि मी ट्यूनरला शिव्या देत बसलो होतो. व्हायचं असं की लाइन गेली की घड्याळ मागे जायचं. लाइन आली की मशीन राउटरच्या आधी उठायचं, नेटवरून वेळ मिळायची नाही, आणि सात वाजले तरी त्याला दुपारच वाटायची. दोन-तीन मिनिटांनी राउटर उठला की घड्याळ बरोबर, म्हणून मी पाहायला गेलो की सगळं ठीकच दिसायचं.

टप्पा ८: बिल करायच्या आधी दुकानात

जीएसटीचं बिल घ्या, आणि त्यावर प्रत्येक वस्तूचा सिरियल नंबर लिहून घ्या. "पक्कं बिल घ्याल तर रेट वाढून जाईल भाऊ," असं ऐकायला मिळेल. वाढू द्या. वॉरंटीला तोच कागद लागतो.

रिफर्बिश्ड डबा दुकानात अर्धा तास चालू ठेवा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारं सेटिंगचं पान) पासवर्ड नाही ना ते पाहा, आणि "लाइन आल्यावर आपोआप सुरू हो" अशी सेटिंग त्यात आहे का ते शोधा. बायोसमध्ये ती एसी रिकव्हरी किंवा तत्सम नावाने असते. ती नसलेलं मशीन रेकॉर्डरच्या कामाचं नाही.

विंडोजच्या स्टिकरचे पैसे देऊ नका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते. सहाव्या पिढीवर लिनक्स टाका.

टप्पा ९: जोडणीचा क्रम

सगळं एकदम जोडलंत तर काय बिघडलं ते कळणार नाही. एकेक पायरी, आणि ती चालली की पुढची.

१. फक्त बोर्ड, रॅम आणि एसएसडी. सॉफ्टवेअर टाका, बायोसमधली लाइन-आल्यावर-सुरू सेटिंग करा, वेळ भारतीय प्रमाणवेळेवर आणा.

२. हार्ड डिस्क. रात्रभर तिच्यावर मोठ्या फाइली कॉपी होऊ द्या, सकाळी तपमान आणि सेक्टर पाहा.

३. मशीन बंद करून ट्यूनर कार्ड. ड्रायव्हर टाका. दोन्ही ट्यूनर यादीत दिसले पाहिजेत, एक दिसला तर पुढे जाऊ नका.

४. मशीन बंद करून डिशची वायर. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर लिनक्सवर टीव्हीहेडएंड, विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर, दोन्ही फुकट आहेत. चॅनल शोधताना सिम्बॉल रेट आणि फ्रिक्वेन्सी तुमच्या बॉक्सच्या माहितीपानावरून घ्या, कोणाच्या तरी जुन्या यादीवरून नको. टीव्हीहेडएंडचं पान घरातल्या कोणत्याही ब्राउझरवर ९९८१ पोर्टवर उघडतं.

५. आधी पहिल्या वायरीवर शोधा, मग तीच वायर दुसऱ्या ट्यूनरला लावून पुन्हा, अर्थात मशीन बंद करूनच. एकावर सिग्नल आणि दुसऱ्यावर नाही, तर कार्ड. दोन्हींवर नाही, तर वायर किंवा एलएनबी.

रेकॉर्डिंग टीएस फाइलमध्येच, म्हणजे डिशवरून प्रवाह येतो त्याच रूपात, ठेवा. मशीन मधेच बंद पडलं तरी टीएस जिथवर लिहिली तिथवर चालते. सुरुवातीला २ मिनिटं आणि शेवटी १० मिनिटं जादा ठेवा, आपल्या मालिका घड्याळाला फार मानत नाहीत. कार्यक्रमांची आपोआप येणारी यादी फ्री डिशवर अपुरी असते, म्हणून वार-वेळेची टाइमर हाताने लावा.

टप्पा १०: मशीन ठेवायचं कुठे

आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ ला टेकतो. बंद काचेच्या शोकेसमध्ये, टीव्हीखालच्या कप्प्यात मशीन ठेवलंत तर नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, डिस्क शिजते. बहुतेक डिस्कांची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ६० अंश किंवा त्याच्या थोडी वर असते. खोलीतच ४० असेल तर आतल्या डिस्कला ५० गाठायला वेळ लागत नाही. डिस्कसमोर एक १२० मिलिमीटरचा पंखा लावा.

आणि कूलर! थंड हवा लागेल म्हणून लोक मशीन कूलरच्या झोतात ठेवतात. त्या हवेत पाण्याचा अंश असतो, आणि आपल्या बोअरच्या पाण्याने कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर चढतो तसाच क्षार मशीनमध्येही जाऊन बसतो. एका मशीनचे रॅमचे पाय मी हिरवट झालेले पाहिले आहेत, दोन उन्हाळ्यांतच. मशीन कूलरच्या खोलीत असलं तरी झोताच्या बाहेर, जमिनीपासून फूटभर वर.

वीज कडाडायला लागली की डिशच्या वायरी मशीनमधून काढून ठेवणं बरं. त्याही आधी मशीन बंद. डिशच्या खांबाला अर्थिंग करून घ्या.

टप्पा ११: आठ दिवसांची परीक्षा

घरच्यांना अजून काही सांगू नका. आठ दिवस मशीन आपल्या आपण चालू द्या आणि रोज रात्री तीन गोष्टी पाहा: ठरलेली प्रत्येक फाइल तयार झाली का, फाइलचा आकार तासाला साधारण १ ते दीड जीबी आहे का, आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा तीन ठिकाणी चित्र फुटतं का. फाइल आहे पण आकार अगदी लहान, तर वायर किंवा एलएनबी पाहा. आकार बरोबर पण मधे चौकोन-चौकोन येतात, तर एफ-कनेक्टर पुन्हा बसवा. दहातल्या आठ वेळा मधली तार आखूड कापलेली असते. जोरदार पावसात थोडा वेळ चित्र जाणारच, डिशच्या केयू बँड लहरींचं ते असतंच.

खाजगी चॅनलांच्या जागा फ्री डिशवर लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे चॅनलं येतात-जातात आणि फ्रिक्वेन्सी बदलतात. टाइमर अचानक रिकाम्या फाइली द्यायला लागला, विशेषतः एप्रिलच्या सुमाराला, तर मशीन उघडू नका, आधी चॅनलं पुन्हा शोधा.

भाऊजींचं ग्राफिक कार्ड भाच्याने गेम खेळायला घेतलं, त्या पैशात ट्यूनर आणि दोन तोंडांचा एलएनबी आला. काचेच्या कॅबिनेटमधले रंगीत पंखे तेवढे ताईने बंद करायला लावले, रात्री झोप लागत नाही म्हणून.